‘हाडांचं इंजेक्शन आजच बंद करा’: या मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ शेवटची आहे

गेल्या आठवड्यात मावशीने घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला. तुम्हालाही आला असेल, फिरून फिरून येतच असतो. ठिसूळ हाडांवरच्या इंजेक्शनने जबडा सडतो, हाडाचा कॅन्सर होतो, किडनी जाते; कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेतलं की पुरे; इंजेक्शन चालू असेल तर आजच बंद करा. खाली मावशीची स्वतःची ओळ होती, ‘मी पुढचं घेणार नाही.’

बाकी ओळींचं नंतर बघू. आधी ते ‘आजच बंद करा’.

मुळात ‘हाडांचं इंजेक्शन’ नावाचं एक औषध नसतंच. झोलेड्रॉनिक ॲसिड वर्षातून एकदा शिरेतून देतात, ५ मिलिग्रॅम. डेनोसुमॅब दर सहा महिन्यांनी कातडीखाली, ६० मिलिग्रॅम. टेरीपॅराटाइड रोज स्वतः पेनने टोचून घ्यायचं, २० मायक्रोग्रॅम. रोमोसोझुमॅब महिन्यातून एकदा, वर्षभर. चौघांचं काम वेगळं, थांबवायची रीतही वेगळी. झोलेड्रॉनिक ॲसिड हाडातच मुरून बसतं. त्यामुळे काही वर्षांनी, धोका कमी असलेल्या पेशंटला डॉक्टर स्वतःच या औषधापासून काही काळ सुट्टी देतात. मावशी घेते ते डेनोसुमॅब, आणि त्याचा स्वभाव नेमका उलटा. ते हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवरून धरतं, पण हाडात साठत नाही. सहा महिने सरले की पकड सुटते आणि थोपवलेल्या पेशी एकदम कामाला लागतात, आधी होत्या त्यापेक्षा जोमाने. कमावलेली घनता वर्ष-दोन वर्षांत जाते. काहींचे तर एकापाठोपाठ एक मणके दबतात. शेवटच्या डोसनंतर सातव्या महिन्यातही असं झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून हे औषध थांबवायचंच असेल, तर त्याच्या जागी दुसरं औषध लावून थांबवतात. आणि चालू असताना तारीख चुकवत नाहीत. सहाचे सात महिने होऊ देणं हीसुद्धा चैन आहे.

जबड्याचं म्हणाल तर ते अगदीच खोटं नाही, आणि अर्धं खरं खोडायला जास्त कष्ट पडतात. दाढ काढल्यावर जखम भरत नाही, हाड उघडं पडतं, असं होऊ शकतं. पण भीती वाटायला लावणाऱ्या बऱ्याच हकिकती कॅन्सरच्या पेशंटांच्या असतात. हाडात पसरलेल्या कॅन्सरसाठी डेनोसुमॅब १२० मिलिग्रॅम दर चार आठवड्यांनी देतात. वर्षाचा हिशेब मांडा: ठिसूळ हाडांसाठी १२० मिलिग्रॅम, कॅन्सरसाठी १५६०. ठिसूळ हाडांच्या मात्रेत हा त्रास हजारात एकाच्या आसपास, बऱ्याच अभ्यासांत त्याहूनही कमी. करायचं काय, तर दातांची मोठी कामं पहिल्या इंजेक्शनच्या आधी उरकायची, आणि पुढे कधी दाढ काढायची वेळ आली तर दंतवैद्याला औषधाचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख सांगायची. दाढेच्या भीतीने परस्पर डोस पुढे ढकलायचा नाही. (मावशीने आजवर दंतवैद्याला यातलं काही सांगितलंच नव्हतं. ‘त्यांनी कुठे विचारलं?’)

कॅन्सरची ओळ उंदरांवरून आली आहे. टेरीपॅराटाइड उंदरांना लहानपणापासून जवळपास आयुष्यभर, मोठ्या मात्रेत दिलं तेव्हा त्यांना हाडाचे ट्यूमर झाले. म्हणून २००२ पासून अमेरिकेत त्या औषधावर चौकटीतला, म्हणजे सगळ्यात कडक, इशारा होता. माणसांत तसं वाढलेलं प्रमाण दिसलं नाही आणि २०२० मध्ये तो इशारा काढला गेला. ज्यांच्या हाडांना पूर्वी रेडिएशन दिलंय त्यांना मात्र हे औषध आजही टाळतात. मेसेज लिहिणाऱ्याने सगळी इंजेक्शनं एका पोत्यात घातल्यामुळे मावशीला वाटलं, ट्यूमर तिच्याच औषधाने होतो.

किडनीबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचं माप) मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल तर झोलेड्रॉनिक ॲसिड देत नाहीत. डेनोसुमॅब किडनीला इजा करत नाही, पण किडनी आधीच फार थकलेली असेल तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांसाठी जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर नियंत्रण ठेवणारी संस्था) याचा सगळ्यात कडक इशारा दिला. ओठांभोवती मुंग्या, बोटं बधिर, पायात गोळे आले तर वाट बघत बसू नये.

आता ‘कॅल्शियम पुरे’. ही ओळ मला सगळ्यात गंमतशीर वाटते, कारण हिचं उत्तर डेनोसुमॅबच्या मुख्य चाचणीतच आहे. ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. साठ ते नव्वद वयाच्या ७,८६८ बायका, तीन वर्षं. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन. आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व? दोन्ही गटांना. म्हणजे मेसेजमधला उपाय करून पाहिला गेलाय: नुसत्या कॅल्शियमवर राहिलेल्यांपैकी ७.२ टक्के बायकांच्या मणक्यांना नवं फ्रॅक्चर झालं, इंजेक्शन घेणाऱ्यांत २.३ टक्के. कॅल्शियम-ड हवंच, त्यांच्याशिवाय इंजेक्शन देणं उलट धोक्याचं. पण ती पायाची वीट झाली, भिंत नाही.

एक गोष्ट मेसेजला सापडलीच नाही, नाहीतर नक्की घातली असती: मांडीचं हाड मध्येच आडवं मोडणं. झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते क्वचित होतं. बऱ्याचदा आधी काही आठवडे मांडीत किंवा जांघेत ठणका असतो. तो अंगावर काढू नये, एक्स-रे काढावा.

मावशीला मी फोन केला तेव्हा हे सगळं सांगितलंच नाही. इतकंच विचारलं, मागचं कधी घेतलंस? ती उठली, फ्रिजच्या दारातला खोका काढला. सिरिंज अजून आतच होती. खोक्यावर नर्सने बॉलपेनने पुढची तारीख लिहिलेली. ती उलटून एकोणीस दिवस झाले होते. संध्याकाळी तिने डॉक्टरांना फोन केला, सकाळी कॅल्शियम आणि क्रिएटिनिनसाठी रक्त दिलं. ग्रुपवरचा मेसेज मात्र तिने अजून काढलेला नाही.