‘लाँच’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नावेला ‘लाँच’ हे नाव पोर्तुगीजमधून आलं, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘पाण्यात लाँच करतात म्हणून ती लाँच, हे शेंबड्या पोरालाही कळेल, पोर्तुगीज कशाला मधे आणता, पांडित्य मिरवायला?’ असं तुम्ही लिहिलंत. मतभेद असू द्या, पण ही बोलायची रीत झाली का? मी स्वतःच्या नावानं लिहितो, तुम्ही टोपणनावाआडून. समोर बसून असं बोलला असतात? लेख लांबला, एवढं मात्र मान्य.

आता तुमचं ते वाक्य. इंग्रजीतलं ‘लाँच’ क्रियापद जुन्या फ्रेंचमधून आलं. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘लान्सिआ’ म्हणजे भाला. म्हणून आधीचे अर्थ फेकणे, झेपावणे. होडी पाण्यात लोटणे हा त्यातून निघाला आणि मोबाइल लाँच होणं फारच अलीकडचं. गळू फोडायचं लॅन्सेटही याच भाल्याच्या कुळातलं. नावेचं नाम मात्र वेगळ्या वाटेनं आलं. लढाऊ जहाजावरच्या मोठ्या होडीला इंग्रज सतराव्या शतकाच्या अखेरीस लाँच म्हणू लागले, ते स्पॅनिश-पोर्तुगीज ‘लांचा’वरून. त्यामागे मलय भाषेतला ‘चपळ’ अर्थाचा शब्द असावा, असं कोशकार मानतात. क्रियापदाच्या ओढीनं नामाचं स्पेलिंग तसं झालं, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर. पण स्पेलिंग जुळलं म्हणून कूळ जुळत नाही.

पोर्तुगीजांच्या नावाचा एवढा राग कशाला? अलिबागजवळचं चौल बंदर १५२१ पासून १७४० पर्यंत त्यांच्याकडे होतं. शेजारच्या कोर्लई गावात आजही पोर्तुगीजमिश्रित बोली ऐकू येते. घमेलं, पगार, चावी तुम्हीही रोज म्हणताच.

आणि पांडित्य म्हणाल, तर माझे वडील रेवसच्या लाँचवर खलाशी होते. आमच्याकडे पावसाळाभर होड्या झावळ्यांनी शाकारून किनाऱ्यावर ठेवत. नारळी पौर्णिमा झाली की ओंडक्यांना तेल चोपडायचं, दोन्ही अंगांनी माणसं खांदा लावायची, आणि होडी कुरकुरत पाण्याकडे सरकायची. याला सगळे ‘होडी लोटली’ म्हणत. त्या होडीला लाँच कुणी म्हटलं नाही. लाँच ती, जिला इंजिन होतं, जिचं तिकीट काढावं लागे, जी भाऊच्या धक्क्याला जाई. पाण्यात सोडण्यावरून नाव पडलं असतं, तर बंदरातला प्रत्येक मचवा लाँच झाला असता. याचं उत्तर द्या की!

बाकी मुद्द्यांत दखल घेण्याजोगं काही नाही. कोशातला दाखला घेऊन आलात तर इथेच सविस्तर बोलू. ‘शेंबडं पोर’ पुन्हा दिसलं तर प्रतिक्रिया काढून टाकेन.