जखमी मुलांच्या देशवार यादीबद्दल खुलासा

सध्या एक यादी फिरतेय, कुठल्या देशातली मुलं सगळ्यात जास्त जखमी होतात त्याची, आणि त्यावरून अमुक देशातली मुलं धडपडी, तमुक देशातली सांभाळून राहणारी असं सुरू झालंय. तसं नाहीये हो. यात दोन वेगळे सर्व्हे एकत्र कालवलेत.

युरोप, कॅनडाकडचा एचबीएससी, म्हणजे शाळकरी मुलांच्या आरोग्याचा आणि सवयींचा सर्व्हे, ११, १३ आणि १५ वर्षांच्या मुलांना विचारतो की गेल्या १२ महिन्यांत किती वेळा अशी दुखापत झाली की डॉक्टर किंवा नर्सकडून उपचार घ्यावे लागले. डब्ल्यूएचओचा (जागतिक आरोग्य संघटनेचा) जीएसएचएस हाही शाळकरी मुलांच्या आरोग्याचाच सर्व्हे, जो जास्त करून गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतो, त्यात उपचार नाही घेतले तरी एक अख्खा दिवस शाळा किंवा खेळ बुडाला की गंभीर दुखापत धरतात. म्हणजे पाय मुरगळून दिवसभर घरी पडून राहिलेला मुलगा जीएसएचएसमध्ये मोजला जातो, एचबीएससीमध्ये नाही! दवाखानाच लांब असेल तर एचबीएससीच्या प्रश्नात आकडा आपोआप कमी येणार, मुलं कितीही पडली तरी. शिवाय दोन्ही सर्व्हे वर्गात बसून भरून घेतात, त्यामुळे शाळा सोडून कामाला लागलेली मुलं त्यात नाहीतच, आणि मला विचाराल तर मोठी गोची हीच आहे.