दाजी, पाण्यावर रिक्षा चालत नाही

"एक लिटर पाण्यात रिक्षा शंभर किलोमीटर! सीएनजीच्या रांगेला रामराम!" हा व्हिडिओ नाशिकच्या रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. बरणीएवढं किट, आत पाणी, बॅटरीच्या दोन तारा आणि बुडबुडे. सोबत दावे: पाण्यातून फुकट हायड्रोजन, गडकरीसाहेबांची गाडीही अशीच, किट शंभर टक्के सुरक्षित, आणि तेल कंपन्या हे दाबून ठेवतात. नाशिकरोड-शालिमार रिक्षा चालवणारे आमचे दाजी यासाठी ॲडव्हान्स द्यायला निघालेत, म्हणून हे लिहितोय.

आधी फुकट हायड्रोजन. पाणी म्हणजे जळून गेलेल्या हायड्रोजनची राख. तिच्यातून पुन्हा इंधन काढायचं तर जळताना मिळालेली सगळी ऊर्जा परत घालावी लागते, वर तूट वेगळी. आकडेच बघा. एक लिटर पाण्यात 111 ग्रॅम हायड्रोजन असतो. तो सगळा जाळला तर साधारण 3.7 युनिट (वीजबिलातलंच युनिट) ऊर्जा मिळते. लिटरभर पेट्रोलमध्ये जवळपास 9 युनिट असतात. म्हणजे थेंबन्‌थेंब वापरला तरी अर्धा लिटर पेट्रोलचंही काम होत नाही, आणि हे म्हणे शंभर किलोमीटर! तो हायड्रोजन सुटा करायला चांगल्या कारखान्यातही साडेपाच युनिट वीज जाते. रिक्षात ही वीज येणार बॅटरीतून, आणि बॅटरी चार्ज करतं इंजिनच. ते इंजिन 3.7 युनिटांतलं जेमतेम एक युनिट कामी लावतं, बाकीची उष्णता वाया. साडेपाच घालून एक मिळणार असेल तर रिक्षा कशावर चालेल?

हे प्रकरण कोर्टातही जाऊन आलंय. अमेरिकेत स्टॅनली मेयर नावाच्या माणसाने पाण्यावरच्या गाडीच्या नावाने लोकांकडून पैसे घेतले. 1996 मध्ये ओहायोच्या कोर्टापुढे तज्ज्ञांनी त्याचं यंत्र तपासलं, तर शाळेत शिकवतात तेच विजेने पाणी फोडणं निघालं. कोर्टाने ती उघड फसवणूक ठरवली आणि दोन गुंतवणूकदारांचे 25 हजार डॉलर परत करायला लावले. आजचं किटही तेच आहे.

पण मला सर्वात जास्त राग येतो तो 'सुरक्षित' या शब्दाचा. या किटमध्ये हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतच नाहीत. एकाच बरणीत, भडका उडायला नेमक्या हव्या त्या प्रमाणात, दोन्ही जमतात. गळून हवेत मिसळला तरी हायड्रोजन 4 ते 75 टक्के प्रमाणात पेट घेतो, त्याला बारीकशी ठिणगी पुरते आणि उन्हात ज्योत धड दिसतही नाही. हे सीएनजीच्या टाकीशेजारी बसवून मागे शाळेची पोरं बसवायची? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे परवानगीशिवाय असे बदल करताच येत नाहीत. उद्या काही झालं तर विमाही हात वर करेल.

गडकरींचं अर्धं खरं आहे, मान्य. 30 मार्च 2022 ला ते हायड्रोजनवरच्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले होते. पण तिच्यात पाणी भरत नाहीत, पाणी बाहेर पडतं. बाहेर तयार केलेला हायड्रोजन 700 बार दाबाने टाकीत भरावा लागतो. आपला सीएनजी 200 बारचा. तो हायड्रोजन तयार करायला जाणारी वीज सरळ बॅटरीच्या रिक्षाला दिली तर ती दुपटीहून जास्त पळते.

तेल कंपन्या दाबतात म्हणे. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीत हायड्रोजनची बस इंडियन ऑइलनेच उतरवली.

दाजी, ॲडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका. गेलाच असेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि तो व्हिडिओ जपून ठेवा आणि आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवा.