गॅमा नाइफवाला तो फॉरवर्ड: एकेक वाक्य घेऊन बघू

फॅमिली ग्रुपवर परत आलाय तो मेसेज. "ब्रेन ट्यूमरला आता ऑपरेशन नको, मशीन एमआरआय बघून थेट गाठीत रेडिएशन सोडतं, एका दिवसात गाठ गायब, साइड इफेक्ट शून्य, डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत." खाली फोटो गॅमा नाइफचा. मशीन खरंच भारी आहे, वाद त्याबद्दल नाहीच.

थेट गाठीत? आत काहीच जात नाही हो. कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे १९२ सोर्स बाहेरूनच असतात, एकेकटा किरण इतका कमजोर की वाटेतल्या मेंदूला फारसं काही होत नाही, सगळे जिथे एकत्र येतात तिथेच डोस चढतो. त्यासाठी कवटीला चार पिनांनी फ्रेम बसवतात, फ्रेमसकट एमआरआय काढतात आणि त्यावर प्लॅनिंग होतं (नव्या मॉडेलमध्ये मास्कवरही भागतं). खरोखर आत ठेवतात ते गॅमाटाइल, किरणोत्सर्गी सीझियम-१३१ चे दाणे बसवलेल्या कोलॅजनच्या चकत्या, अमेरिकेत २०१८ ला मंजुरी मिळाली. पण त्या ठेवायच्या गाठ काढून झालेल्या पोकळीत, म्हणजे ऑपरेशन आलंच की!

एका दिवसात उरकते ती ट्रीटमेंट, गाठ नाही. पेशींचा डीएनए तुटतो, त्यांची वाढ हळूहळू थांबते. कानाच्या नसेवरची गाठ तर सुरुवातीला थोडी फुगूही शकते आणि घरचे घाबरतात. गाठ तेवढीच राहिली, वाढली नाही, तरी डॉक्टर खूश असतात.

"ऑपरेशन नको" हे मात्र डेंजर आहे. हे मशीन साधारण ३ सेंमीपर्यंतच्या गाठींसाठी. मोठी गाठ मेंदूवर दाब देतेय, उलट्या होतायत, नजर अंधुक झालीय, तर आधी तो दाब काढायला लागतो, आणि अशा वेळी कोणी फॉरवर्ड वाचून महिनाभर थांबलं तर काय? शिवाय एमआरआयवर गाठ कुठे आहे ते कळतं, कसली आहे ते दरवेळी कळत नाही. आपल्याकडे टीबीची गाठसुद्धा स्कॅनवर ट्यूमरसारखी दिसू शकते, तिला हवीत टीबीची औषधं. ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा जोरात वाढणारा कॅन्सर) तर आजूबाजूला पसरलेला असतो, त्यात नेहमीच्या रेडिएशनआधी रेडिओसर्जरीचा, म्हणजे गॅमा नाइफसारख्या नेमक्या रेडिएशनचा, जादा डोस देऊन बघितला, २००४ च्या ट्रायलमध्ये आयुष्य वाढलं नाही. तिथे अजूनही जमेल तेवढी गाठ काढणं, मग सहा आठवडे मिळून ६० ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइड हे केमोचं औषध.

साइड इफेक्ट शून्य नाहीत. मेंदूला सूज येते, स्टेरॉइड द्यावे लागतात, काहींना महिन्यांनी त्या जागेचा टिश्यू मरतो. डोळ्याच्या नसेला चिकटलेली गाठ असेल तर डोस हात राखूनच.

आणि लपवतंय कोण? स्वीडनमध्ये मेंदूचे सर्जन लार्स लेक्सेल यांनी पहिलं मशीन १९६८ ला सुरू केलं, मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलमध्ये १९९७ ला आलं. तुमचे डॉक्टर नाही म्हणाले असतील तर कशामुळे ते सरळ विचारा, साइज, जागा की गाठीचा प्रकार, तिन्हीपैकी काहीतरी निघेलच.