आडात नसलेला इलेक्ट्रॉन

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया शांतपणे दोनदा वाचली. अणूच्या केंद्रकात फक्त प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात असं मी किरणोत्सर्गावरच्या माझ्या लेखात लिहिलं, आणि पुढच्याच परिच्छेदात ‘बीटा ऱ्हासात केंद्रकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो’ असंही लिहिलं (ऱ्हास म्हणजे अस्थिर केंद्रकाचं आपोआप दुसऱ्या केंद्रकात बदलणं). आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असा तुमचा सवाल आहे. शिवाय गॅमाला (केंद्रकातून निघणाऱ्या, प्रकाशासारख्याच पण फार जास्त ऊर्जेच्या किरणांना) ऱ्हास म्हणू नये आणि अल्फाला ‘सर्वांत दुबळे किरण’ म्हणणं दिशाभूल करणारं आहे, असे आणखी दोन आक्षेप आहेत. हे दोन्ही मला मान्य आहेत, त्यांच्याकडे शेवटी येतो. पहिल्याबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

तुम्हाला पडलेला प्रश्न भौतिकशास्त्रज्ञांनाही पडला होता आणि त्यांचं पहिलं उत्तर तुमच्या म्हणीप्रमाणेच होतं. इलेक्ट्रॉन बाहेर येतो, म्हणजे तो आत असलाच पाहिजे. 1932 मध्ये चॅडविक यांना न्यूट्रॉन सापडेपर्यंत केंद्रक प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचं बनलेलं आहे, असंच मानलं जात होतं. त्या हिशेबाने नायट्रोजन-14 च्या केंद्रकात 14 प्रोटॉन आणि 7 इलेक्ट्रॉन, असे एकूण 21 कण हवेत. यातल्या प्रत्येकाचं फिरकीचं (स्पिन या कणांच्या अंगभूत गुणधर्माचं) मूल्य अर्धं. विषम संख्येने अर्धी मूल्यं कशीही जुळवा, बेरीज पूर्णांकात येत नाही. पण वर्णपटावरून नायट्रोजनच्या केंद्रकाची फिरकी 1 निघाली. दुसरी अडचण जागेची. इलेक्ट्रॉनसारख्या हलक्या कणाला केंद्रकाएवढ्या जागेत कोंडायचं, तर अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार त्याची ऊर्जा निदान वीस-तीस दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचं छोटं एकक) असायला हवी. प्रत्यक्षात बाहेर येणाऱ्या बीटा कणांची, म्हणजे या इलेक्ट्रॉनांची, ऊर्जा साधारणपणे एक-दोन दशलक्षाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. आड कोरडाच होता.

मग इलेक्ट्रॉन आला कुठून? तो ऱ्हासाच्या क्षणी निर्माण होतो. न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि त्याच घटनेत एक इलेक्ट्रॉन व एक प्रतिन्यूट्रिनो (विद्युतभार नसलेला, अतिशय हलका कण) जन्माला येतात. फर्मी यांनी 1934 मध्ये हा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यांच्यासमोर प्रकाशाचं उदाहरण होतं. उत्तेजित अणू प्रकाशकण सोडतो, पण तो प्रकाशकण आधीपासून अणूत साठवलेला नसतो, हे तोवर सर्वमान्य झालं होतं. प्रकाशाच्या बाबतीत आपण हे सहज स्वीकारतो. इलेक्ट्रॉनच्या बाबतीत अडखळतो, कारण त्याला वस्तुमान आहे आणि वस्तुमान असलेली गोष्ट नव्याने निर्माण होऊ शकते, हे मनाला पटत नाही.

यावर तुम्ही कदाचित म्हणाल, न्यूट्रॉन म्हणजेच एकमेकांना चिकटलेले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन असतील! ही समजूत फार पसरलेली आहे, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो. पेट स्कॅनसाठी वापरतात त्या फ्लोरिन-18 चं उदाहरण घ्या. त्याच्या केंद्रकात उलटा प्रकार घडतो: प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन विद्युतभाराचा कण) बाहेर येतो. ‘जे निघालं ते आत होतं’ हा न्याय लावला, तर न्यूट्रॉनच्या पोटात प्रोटॉन आणि प्रोटॉनच्या पोटात न्यूट्रॉन मानावा लागेल. दोन्ही एकाच वेळी खरं असणं शक्य नाही. मला स्वतःला हा मुद्दा उमगला तेव्हाच ‘निर्माण होतो’ या शब्दांवर माझा पुरता विश्वास बसला.

प्रतिन्यूट्रिनोचा उल्लेख मी मूळ लेखात गाळला होता, ती उणीव होतीच. अल्फा कण ठरावीक ऊर्जा घेऊन निघतात. बीटा कणांची ऊर्जा मात्र शून्यापासून एका कमाल मूल्यापर्यंत काहीही असते. हे चॅडविक यांनी 1914 मध्येच दाखवलं होतं. 1927 मध्ये एलिस आणि वूस्टर यांनी बीटा ऱ्हास होणाऱ्या बिस्मथ-210 मधून निघणारी उष्णताच मोजली. कमाल ऊर्जा दहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे होती, पण दर ऱ्हासामागे भरली जेमतेम साडेतीन लाख. उरलेली ऊर्जा भांड्याच्या भिंतींनाही न दिसता निघून जात होती. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच इथे लागू नसेल, इथपर्यंत बोर यांनी विचार केला. पाउली यांनी डिसेंबर 1930 मध्ये एका पत्रातून विद्युतभार नसलेल्या नव्या कणाची कल्पना मांडली. बीटा ऱ्हासातला प्रतिन्यूट्रिनो तो हाच. तो प्रत्यक्ष सापडला 1956 मध्ये, रेनेस आणि कोवन यांना, अणुभट्टीजवळ.

तुमची म्हण अल्फा ऱ्हासाला मात्र चपखल बसते. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन खरोखरच आडात असतात आणि तेच एकत्र बाहेर येतात. बीटाला ती लागू नाही, एवढंच.

गॅमाबद्दल तुमचं बरोबर आहे. सीझियम-137 चे गॅमा किरण असं आपण सरसकट म्हणतो, पण सीझियम आधी बीटा ऱ्हासाने बेरियम होतं. त्या बेरियमचं उत्तेजित केंद्रक काही मिनिटांत शांत होताना गॅमा सोडतं. त्यात मूलद्रव्य बदलत नाही. काही पुस्तकं यालाही ‘गॅमा ऱ्हास’ म्हणतात. लेखात मी आता ‘गॅमा उत्सर्जन’ असा बदल केला आहे.

‘दुबळे’ हा शब्दही काढला आहे. पोलोनियम-210 चा अल्फा कण हवेत चार सेंटिमीटरही जात नाही, कागद त्याला अडवतो, त्वचेचा वरचा मृत थरही अडवतो. पण हे द्रव्य श्वासातून किंवा अन्नातून शरीरात गेलं, तर तीच 53 लाख इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढ्या अंतरात, जिवंत पेशींमध्ये उतरते. अल्फाचा पल्ला कमी आहे, मारा नाही.

आणि ज्या वाक्यावरून हे सुरू झालं, ते आता असं आहे: ‘बीटा ऱ्हासात केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि त्या क्षणी निर्माण झालेले इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो दूर फेकले जातात.’ याही वाक्यात काही खटकलं, तर अवश्य कळवा.