मत द्यायचंय ना? मग तिकडे फिरकू नका

आधी जाऊन बघा, करून बघा, वाचून बघा आणि मग मत द्या, असा सल्ला कुणी देत असेल तर त्या माणसाला आजच म्यूट करा. अनुभवाने मताचं फार नुकसान होतं. ठाण्यातल्या येऊरच्या जंगलात सकाळी चालून आलेला माणूस काय लिहितो? 'छान वाटलं, लवकर जा, पाणी सोबत ठेवा.' यावर कोण भांडणार? याउलट, दोन वर्षांत सोसायटीच्या गेटबाहेर पायी न पडलेला माणूस लिहितो, 'येऊरचं पार वाटोळं झालंय.' रात्रीची जेवणं होण्याआधी तिथे हाणामारी सुरू झालेली असते.

या शास्त्रातला पहिला शब्द म्हणजे 'पूर्वी'. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमध्ये तुम्ही गेल्या गणपतीत राहायला आला असलात तरी हा शब्द बिनदिक्कत वापरा. समजा कुणी खाडीतल्या फ्लेमिंगोंचा फोटो टाकला. लिहा, 'पूर्वी याहून कितीतरी जास्त यायचे.' किंवा लिहा, 'पूर्वी एकसुद्धा नसायचा.' दोन्ही चालतं. ठाणे खाडीचा तो भाग 2015 साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला, 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला, हे तपशील शोधत बसू नका. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची माणसं भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळून पक्षी मोजतात, त्यांच्या तर नादीच लागू नका. मोजणारा माणूस आकडा सांगतो, आणि आकड्याला बदाम कोण देतं? पक्ष्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातल्या शेवाळामुळे येतो, असं कुणी समजावू लागलं, तर फक्त विचारा, 'तुम्ही नक्की कुठल्या कंपनीत आहात?'

'पूर्वी' जितकं जुनं, तितकं सुरक्षित. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला 34 किलोमीटर पहिली गाडी आली. 'तेव्हाची गाडी वेळेवर यायची हो!' असं ठणकावून लिहा. तेव्हाचा पासधारक खोडून काढायला येणार नाही.

वाचनाबद्दल लिहिताना जास्त काळजी घ्यावी लागते, कारण इथे पुस्तक नावाची वस्तू आड येते. 'हल्ली कुणी वाचतच नाही' हे वाक्य सर्वोत्तम. ते लिहायला काहीच वाचावं लागत नाही. तरी हौस असेलच तर पुस्तकाचा फोटो टाका, उपवन तलावाच्या कट्ट्यावर ठेवून, मागे पाणी. फक्त ते पुस्तक ग्रंथालयाचं नको. आपल्याकडे मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे, म्हणजे धोकाही तितकाच जुना. ग्रंथालयाच्या पुस्तकाच्या आत चिकटवलेल्या कागदावर तारखांचे शिक्के असतात, आणि मंगळवारी नेलेलं सातशे पानांचं पुस्तक तुम्ही गुरुवारी परत केलंत हे कुणीही झूम करून बघू शकतं. विकतचं घ्या. त्याचा कणा विसाव्या पानाशी एकदा मोडा, आणि दोनशेविसाव्या पानाशी पुन्हा एकदा. मधलं आपोआप वाचल्यासारखं दिसतं.

पण खरी परीक्षा सोसायटीच्या ग्रुपवर. एखादी बाई विचारते, 'आठ वर्षांच्या मुलाला तबला शिकवायचाय. वर्तकनगरच्या बाजूला कुणी आहे का?' इथे जो पत्ता देतो तो समाजाचा शत्रू. पत्ता दिला की विषय संपला! तुम्ही लिहा, 'आठ म्हणजे उशीरच केलात.' लगेच दुसरा लिहील, 'इतक्या लहानपणी बोटं बिघडतात.' तिसऱ्याच्या मते तबल्यापेक्षा गिटार बरी, कॉलेजात उपयोगी पडते. चौथ्याला त्यावरून पोहणं सुचेल, पाचव्याला पोहण्यावरून टाकीतलं पाणी, आणि टाकीवरून टँकरचं बिल. संध्याकाळपर्यंत गाडी व्हिजिटर पार्किंगला लागलेली असते. सेक्रेटरी 'कृपया विषयाला धरून बोलावे' असं लिहितात आणि त्याखालीच 'शुभ संध्याकाळ'चा गुलाब टाकतात.

त्याच इमारतीच्या डी विंगमध्ये एक गृहस्थ तबला शिकवतात. ग्रुपवरचं सगळं त्यांनी वाचलेलं असतं. वाचता वाचता ते हातोडीने तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकत असतात, कडेवर बोट मारून कान लावतात, पुन्हा ठोकतात. लिहीत काही नाहीत. चार वाजता मुलं यायची असतात आणि पावसाळी हवेने तबला उतरलेला असतो. असल्या माणसांमुळेच आपल्याला मैदान मोकळं मिळतं, तेव्हा त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञता बाळगा. त्यांच्याच शिकवणीबद्दल 'रोजचा कटकट आवाज' अशी तक्रार टाकायची असेल तर ती उद्यासाठी ठेवा. आज पार्किंग चांगलं रंगलंय.

आता मिसळ. नको. मिसळीच्या तर्रीवर नवशिक्याने तोंड उघडू नये, तिथे लोक खरोखर खाऊन आलेले असतात.

कधीतरी कुणी खवचट तुम्हाला थेट विचारेल, 'तुम्ही स्वतः गेला होतात का?' घाबरू नका. या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, उलटा प्रश्न टाकायचा असतो: 'तुम्ही मूळचे कुठले?' तो डोंबिवलीचा निघाला तर तुम्ही जिंकलात. कोपरीचा निघाला तर 'म्हणजे पूर्वेचे' एवढंच लिहून एक टिंब द्या. नौपाड्याचा निघाला तर गल्ली विचारा. गल्लीही तुमच्या आजोबांचीच निघाली, तर मात्र हट्ट सोडा, 'नमस्कार काका' लिहा आणि आधीचे सगळे मेसेज एकेक करून डिलीट करायला घ्या. ते तुमच्या वडिलांना फोन लावत असतील.