‘आयगेनव्हॅल्यू’मधला आयगेन कोण?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये एक समजूत वरचेवर फिरत असते. मॅट्रिक्सच्या (ओळी-स्तंभांत मांडलेल्या संख्यांच्या चौकटीच्या) धड्यातील ‘आयगेनव्हॅल्यू’ ही संज्ञा नोबेलविजेते जर्मन शास्त्रज्ञ मान्फ्रेड आयगेन यांच्या नावावरून आली, मूळ जर्मन शब्दाचे मोठे आद्याक्षर हा त्याचा पुरावा, आणि शब्दार्थच हवा असेल तर ‘आयगेन’ म्हणजे ‘विशेष’, असे ती सांगते.

मान्फ्रेड आयगेन यांचा जन्म १९२७ चा, आणि १९६७ चे त्यांचे नोबेल रसायनशास्त्रातले, अतिजलद अभिक्रियांच्या अभ्यासासाठीचे. जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांनी ‘आयगेनवेर्ट’ हा मूळ जर्मन शब्द १९०४ मध्येच इंटिग्रल समीकरणांवरील लेखनात वापरला होता, आणि भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगर यांच्या १९२६ च्या गाजलेल्या लेखमालेच्या तर शीर्षकातच तो आहे. शब्दाचे बारसे माणसाच्या जन्माआधीच उरकलेले होते. हिल्बर्ट आणि आयगेन या दोघांचीही कर्मभूमी ग्योटिंगेन, हा निव्वळ योगायोग.

मोठ्या आद्याक्षराचा पुरावा तर टिकतच नाही, कारण जर्मनमध्ये प्रत्येक नामाचे पहिले अक्षर मोठे लिहितात, मग ते टेबल असो वा माणूस.

अर्थाचा मुद्दा अधिक नाजूक आहे. ‘वैशिष्ट्यपूर्ण’ ही छटा ‘आयगेन’ला आहे, हे मान्य, पण त्याचा मूळ अर्थ ‘स्वतःचा’ असा असून इंग्रजीतील ‘ओन’ हा त्याचाच भाऊबंद आहे, आणि मालमत्तेला जर्मनमध्ये ‘आयगेनटुम’ म्हणतात. ‘वेर्ट’ म्हणजे मूल्य. तेव्हा जोडशब्दाचा अर्थ ‘स्वमूल्य’ असा होतो. मॅट्रिक्सने होणारे एखादे रूपांतरण काही सदिशांना (व्हेक्टरना) त्यांच्या रेषेवरून हलवत नाही, केवळ एका पटीने ताणते, आखडते किंवा उलटवते; असे सदिश म्हणजे आयगेनसदिश आणि ती पट म्हणजे आयगेनव्हॅल्यू. ती पट आपण अक्ष कसे निवडले यावर अवलंबून नसते, ती त्या रूपांतरणाची स्वतःची असते. ‘विशेष’ म्हटले की निवडक, दुर्मीळ असे काही मनात येते. परंतु सदिशाला जसाच्या तसा ठेवणाऱ्या एकक मॅट्रिक्ससाठी शून्येतर प्रत्येक सदिश हा आयगेनसदिशच असतो, आणि मूल्य सरसकट १. तिथे विशेष ते काय?

गोंधळाचे खरे मूळ मला इंग्रजीच्या अर्धवट भाषांतरात दिसते. तिथे ‘प्रॉपर व्हॅल्यू’, ‘कॅरॅक्टरिस्टिक व्हॅल्यू’ आणि गणिती सिल्व्हेस्टर यांचा १८८३ चा ‘लेटंट रूट’ हे पर्याय होते. रूढ मात्र असा संकर झाला, ज्यात ‘वेर्ट’चे ‘व्हॅल्यू’ झाले आणि ‘आयगेन’ जर्मनच राहिले, आडनावासारखे दिसत. फ्रेंचांनी दोन्ही पदांचे भाषांतर करून ‘व्हालर प्रॉप्र’ केले. तिथे प्रॉप्र नावाचा गणिती शोधण्याचे कारणच उरले नाही.